गोव्यात कार सीट बसवून देण्याच्या कामावर घर चालेल का?

फोंड्याच्या एका तरुणाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तो मडगावात गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात सात वर्षे काम करतो. गेल्या वर्षी मुलगी झाल्यावर त्याने तिच्यासाठी कार सीट, म्हणजे गाडीत लहान मुलाला बांधून बसवायचे वेगळे आसन, घेतली, पण ती नीट कशी बसवायची हे दुकानात कोणालाच खात्रीने सांगता आले नाही. पुढे शोध घेताना अमेरिकेत हेच काम शिकलेले प्रमाणित तंत्रज्ञ असतात, हे त्याला कळले. आता नोकरी सोडून गोव्यात हे काम पूर्णवेळ करावे का, प्रमाणपत्र कोणते घ्यावे आणि एका सीटमागे किती पैसे घ्यावेत, असे त्याने विचारले आहे.

मी हे काम आधी न्यू जर्सीत केले आणि २०१९ पासून म्हापशात राहून करतो आहे. एका सीटमागे किती पैसे, याचे उत्तर मी खाली आकड्यांसह देतो. पण त्याआधी हे पैसे कोण देणार आणि किती वेळा देणार, हे पाहायला हवे. केस कापणाऱ्याकडे माणूस दर महिन्याला जातो, गाडी सर्व्हिसिंगला वर्षातून एकदा तरी येते. आपल्या कामात मात्र आपण आईवडिलांना नीट शिकवले, तर ते पुढची दीड-दोन वर्षे परत येत नाहीत, आणि येऊही नयेत. मूल वाढून पुढच्या प्रकारच्या सीटमध्ये जाईल तेव्हाच त्यांना आपली पुन्हा गरज पडते. काम जितके चांगले तितके तेच गिऱ्हाईक कमी वेळा येणार, हे मान्य करूनच हिशेब मांडावा लागतो.

अमेरिकेचे उदाहरण यासाठी नीट समजून घ्यावे. तिथे सेफ किड्स वर्ल्डवाइड ही संस्था प्रमाणपत्र देते. साधारण तीन ते चार दिवसांचा वर्ग असतो, त्यात सीट स्वतःच्या हातांनी बसवून दाखवावी लागते आणि शेवटी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या कुटुंबांच्या गाड्यांतील सीट तपासाव्या लागतात. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षे असते. परंतु ते घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण अग्निशमन दलात, पोलिसांत, इस्पितळात किंवा आरोग्य खात्यात नोकरीला असतात आणि पालकांकडून बहुधा काहीच घेत नाहीत. मीसुद्धा तिथे एका गोदामात नोकरी करत होतो आणि महिन्यातून दोन शनिवार अग्निशमन केंद्राच्या आवारात सीट तपासायला उभा राहत असे. त्या प्रमाणपत्राने मला विद्या दिली, पगार दिला नाही. गोव्यात परतल्यावर त्याची मुदत संपली, म्हणून मी आज स्वतःला ‘प्रमाणित’ न म्हणता ‘प्रशिक्षित’ म्हणतो, आणि तुम्हीही जे नाही ते कार्डावर छापू नका.

भारतात या कामाला सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे तुमची लायकी ठरते ती दोन पुस्तिकांवरून: सीटची पुस्तिका आणि गाडीची पुस्तिका. दोन्ही वाचल्याशिवाय मी आजही कोणत्याही सीटला हात लावत नाही. कायदाही तोंडपाठ हवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४ बी नुसार चौदा वर्षांखालील मूल बेल्टने किंवा बाल-आसनाने बांधलेले नसेल, तर चालकाला एक हजार रुपये दंड आहे. सीटवर आपल्याकडचे एआयएस ०७२ किंवा युरोपीय आर ४४ अथवा आर १२९ यांपैकी एक मानक छापलेले असावे. मात्र दंडाच्या भीतीने आलेले गिऱ्हाईक मी आजवर एकच पाहिले. बाकी सगळे मुलाच्या काळजीने येतात, तेव्हा बोलण्याची सुरुवात कायद्यापासून करू नका.

आता आपण नेमके काय विकतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. पर्वरीतील एक जोडपे अमेरिकेहून कायमचे परतले होते आणि येताना तिथली उत्तम, महागडी सीट घेऊन आले होते. त्यांनी ती मागच्या बाजूला तोंड करून, गाडीच्या बेल्टने घट्ट आवळून बसवली होती. मी बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरून डावी-उजवीकडे हलवली. पहिल्यांदा हलली नाही. दरवाजा बंद करून, गाडी अर्धा किलोमीटर खड्ड्यांतून फिरवून आणली आणि पुन्हा हलवली, तेव्हा ती चार बोटे सरकली. कारण साधे होते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासूनच्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो बहुधा लॉक होतो आणि मग फक्त आत जातो, बाहेर येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी हळूहळू सैल होत राहतो. त्या जोडप्याने तिथे शिकलेली कृती इथे तंतोतंत केली होती आणि ती इथल्या बेल्टला लागू नव्हती. इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची धातूची छोटी क्लिप त्या सीटसोबतच आली होती, पण ती काय आहे हे न कळल्याने खोक्यातच राहिली होती. बकलच्या जिभेजवळ, बोटाच्या रुंदीएवढ्या अंतराच्या आत, ती क्लिप दोन्ही पट्ट्यांवर चढवली आणि सीट जागेवर बसली. त्यानंतर मी ती काढली आणि वडिलांना बसवायला सांगितली. तिसऱ्या प्रयत्नात त्यांना जमले. शेवटची बसवणूक पालकाच्याच हाताने झाली पाहिजे, हा नियम मी कधीही मोडत नाही, कारण पुढच्या आठवड्यात गाडी धुवायला सीट काढली जाईल तेव्हा मी तिथे नसणार.

तपासण्या मोजक्याच आहेत, पण त्या दर वेळी कराव्या लागतात. बेल्टच्या वाटेपाशी धरून हलवल्यास सीट एका इंचाहून अधिक हलू नये. हार्नेसची, म्हणजे मुलाला सीटमध्ये बांधणाऱ्या पट्ट्यांची, पट्टी मुलाच्या खांद्यावर चिमटीत धरता येऊ नये. मागे तोंड असताना पट्ट्या खांद्याच्या पातळीवर किंवा त्याखालून निघाव्यात आणि पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा त्यावरून. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट कधीही ठेवू नये. पुढे तोंड असलेल्या सीटचा वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, अडकवायचा राहून जातो, किंवा डिकीतील सामान बांधण्याच्या हुकाला अडकवला जातो. तो हुक त्या ताणासाठी बनवलेला नसतो. आर १२९ मानकाच्या सीटमध्ये मूल निदान १५ महिन्यांचे होईपर्यंत मागेच तोंड करून बसवायचे असते. माझा सल्ला असा की, सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत तसेच ठेवावे.

बाळ मांडीवर घेण्याचा आग्रह हा वेगळा विषय आहे आणि तो बहुधा आजींकडून येतो. साखळीच्या एका घरी आजी मला म्हणाल्या, “माझी पाच मुले मांडीवरच वाढली, तू कालचा पोर मला काय सांगतोस?” त्यांना उलट उत्तर देणे मला शोभले नसते. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. गाडी ताशी पन्नास किलोमीटर वेगात असेल, तर ती सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर जाते. ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आठ किलोचे बाळ धरून ठेवायला शंभर किलोंहून अधिक भार हातांवर येतो. घरात तांदळाचे पोते होते, पन्नास किलोचे. आजींनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “दोन पोती मला नाही पेलायची.” नात सीटमध्ये बसली. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा आकडा असा आहे की, योग्य सीटमुळे प्रवासी गाडीत एक वर्षाखालील बाळाच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. मला मात्र घरोघरी तांदळाचे पोतेच अधिक उपयोगी पडले आहे.

आता पैशांकडे येतो. माझी मिळकत तीन वाटांनी येते आणि त्यांत सर्वांत मोठी वाट सीट भाड्याने देण्याची आहे. मुंबई-पुण्याहून विमानाने मंगेशीला, कवळ्याला कुलदैवताच्या दर्शनाला येणारी कुटुंबे, डिसेंबरातले पर्यटक आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) किंवा नाताळला घरी येणारे परदेशस्थ गोवेकर, हे सगळे दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरतात तेव्हा त्यांच्याकडे मूल असते आणि सीट नसते. माझ्याकडे बारा सीट आहेत. दिवसाला ३५० रुपये घेतो, अनामत वेगळी, आणि त्यातच बसवून देणे व शिकवणे धरलेले असते. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक सीट सरासरी पंधरा दिवस बाहेर असते, म्हणजे महिन्याला ६३ हजार येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मे या सहा महिन्यांत महिन्याला त्याच्या निम्मे येतात. जून ते सप्टेंबर मात्र प्रत्येक सीटला महिन्यात तीन दिवस काम मिळाले तरी पुष्कळ, आणि त्यातलेही बरेचसे चवथीच्या आसपासचे असते. दुसरी वाट घरी जाऊन बसवून आणि शिकवून देण्याची, भेटीला १,२०० रुपये, महिन्याला आठ-दहा भेटी. तिसरी वाट हॉटेलांच्या आणि टूर कंपन्यांच्या चालकांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण देण्याची, त्याचे आठ हजार, वर्षातून सहा-सात वेळा. सगळे मिळून वर्षाला साडेपाच लाखांच्या जवळपास येतात. त्यातून पेट्रोल, धुलाई, हंगामातील मदतनीस आणि दरवर्षी बदलाव्या लागणाऱ्या दोन-तीन सीट वजा केल्या, की हातात साडेतीन लाख उरतात, म्हणजे महिन्याला सरासरी २९ हजार. सेवेसाठी जीएसटीची मर्यादा वीस लाखांची असल्याने नोंदणीची गरज मला अजून पडलेली नाही. पहिल्या वर्षी मात्र यातले निम्मेही मिळाले नव्हते.

भाड्याच्या धंद्यातील कष्ट लोकांना दिसत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गोव्यात सीटचे दोन शत्रू आहेत, वाळू आणि बुरशी. किनाऱ्यावरून आलेले मूल तसेच सीटमध्ये बसते आणि वाळू पायांमधल्या बकलमध्ये जाते. वरून बकल स्वच्छ दिसते, जीभ आत जाते, पण ‘खट्’ असा आवाज येत नाही. आवाज आला नाही तर बकल लागले नाही, असेच समजायचे. प्रत्येक सीट परत आली की मी पट्टा खालून काढतो, पुस्तिकेत परवानगी असल्यास बकल कोमट पाण्यात हलवून धुतो, वाळवतो आणि दहा वेळा लावून-सोडून पाहतो. दहापैकी एकदा जरी आवाज चुकला, तरी ती सीट बाजूला ठेवतो. पावसाळ्यात हार्नेसच्या पट्ट्यांवर काळे ठिपके येतात. ते घालवायला ब्लीच किंवा कडक साबण वापरला तर धाग्यांची ताकद जाते, म्हणून बुरशी धरूच नये यासाठी जूनपासून सगळ्या सीट एका कोरड्या खोलीत, पंख्याखाली, उघड्या ठेवाव्या लागतात. गेल्या पावसाळ्यातील दोन सीटच्या पट्ट्या कंपनीकडून मागवून बदलणे शक्य झाले नाही, म्हणून त्या सीट मी कापून टाकल्या. कापल्या नाहीत तर भंगारातून कोणी तरी उचलून नेऊन त्यात मूल बसवते.

माझी एक चूकही सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षी कळंगुटला उतरलेल्या एका कुटुंबाला मी आयसोफिक्सचा, म्हणजे बेल्टऐवजी गाडीतल्या धातूच्या कड्यांना थेट अडकणारा, बेस आणि खाली टेकणारा आधाराचा पाय असलेली सीट दिली. फोनवर गाडीचे मॉडेल विचारले होते, पण आदल्या रात्री त्यांच्या भाड्याच्या गाडीत बदल झाला आणि आलेल्या गाडीत मागच्या सीटसमोर जमिनीखाली सामानाचा कप्पा होता. त्या पोकळ झाकणावर पाय टेकवला तर अपघातात झाकण आत जाते आणि पाय असून नसल्यासारखा होतो. दोन्ही आयसोफिक्स खुणा हिरव्या झाल्या, पायाची खूणही हिरवी झाली, आणि घाईत मी खाली पाहिले नाही. संध्याकाळी घरी त्या गाडीची पुस्तिका उघडली तेव्हा लक्षात आले. रात्रीच परत जाऊन सीट बदलून आलो. त्या दिवसापासून मी गाडीचा नंबर आणि मागच्या सीटचा फोटो आदल्या दिवशी मागतो, गाडी बदलली तर कळवण्याची अट घालतो आणि विमानतळाच्या पिकअप रांगेत कधीही सीट बसवत नाही. मागून भोंगे वाजत असताना हे काम नीट होत नाही. पार्किंगमध्ये पंधरा मिनिटे लागतात, तेवढी द्यायची ज्यांची तयारी नाही त्यांना मी नम्रपणे नाही म्हणतो.

प्रत्येक बसवणुकीचा एक कागद ठेवा. त्यावर सीटचे मॉडेल, उत्पादनाची तारीख, गाडी, आल्यावर काय चुकीचे आढळले, काय बदलले आणि शेवटी पालकाने स्वतः बसवून दाखवले की नाही, हे लिहून त्यांची सही घ्या. व्यावसायिक दायित्वाच्या विम्याची चौकशी पहिल्याच महिन्यात करा.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही दुकानातून येत आहात, तेव्हा सीट विकण्याचे कमिशन हा मार्ग तुम्हाला सर्वांत सोपा वाटेल. मलाही एका दुकानदाराने प्रत्येक विक्रीमागे दहा टक्के देऊ केले होते. मी ते घेतले नाही. ज्या दिवशी तुम्हाला एका विशिष्ट सीटचे पैसे मिळू लागतील, त्या दिवसापासून “तुमच्या गाडीत ही बसणार नाही” हे वाक्य तोंडातून निघणे जड जाईल, आणि आपल्या कामात तेच वाक्य सर्वांत मोलाचे असते. अपघातात सापडलेली, मुदत संपलेली किंवा इतिहास माहीत नसलेली जुनी सीट स्वस्तात घेऊन भाड्याने देण्याचा मोहही होईल. तो टाळाच.

दुचाकीबद्दलही लोक विचारतील, कारण आपल्याकडे मूल स्कूटरवरच अधिक फिरते. चार वर्षांखालील मुलासाठी त्याला चालकाशी बांधणारे सेफ्टी हार्नेस आणि ताशी चाळीसची वेगमर्यादा, शिवाय नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. हार्नेस बांधायला शिकवायला वीस मिनिटे लागतात. मी त्याचे पैसे घेत नाही. तुम्ही काय करावे हे तुम्ही ठरवा.

तर नोकरी सोडावी का? तुमच्या घरात दुसरी मिळकत आहे का, सीट ठेवायला कोरडी जागा आहे का आणि पावसाचे चार महिने तुम्ही कशावर काढणार, यावर ते अवलंबून आहे. फोंड्यात राहण्याचा एक फायदा असा की, देवळांकडे येणारी कुटुंबे तुमच्या दारातून जातात. तोटा असा की, दोन्ही विमानतळ आणि किनाऱ्यावरची हॉटेले लांब पडतात आणि दर फेरीचे पेट्रोल ३५० रुपयांच्या भाड्यातून निघत नाही, म्हणून तुम्ही किमान तीन दिवसांचे भाडे ठेवावे. माझे मत विचाराल तर यंदा नोकरी सोडू नका. चार सीट घ्या: नवजात बाळापासूनची एक, मागे-पुढे दोन्ही तोंडांनी चालणाऱ्या दोन आणि मोठ्या मुलांसाठी पाठ असलेला एक बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट नीट लागू देणारे आसन. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रविवारी आणि सुटीच्या दिवशी काम करा. दुकानात येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या सीट रोज पाहता येतात, ही संधी माझ्याकडे कधीच नव्हती. कोणत्या गाडीत बेल्टचे बकल लांब दांड्यावर आहे, कोणत्या गाडीत मधल्या जागेला फक्त कमरेचा बेल्ट आहे, कुठे जमिनीखाली कप्पा आहे, हे वहीत उतरवत जा. मेअखेरीस भाड्याचे सरासरी दिवस आणि भेटींची संख्या मोजा. त्यांतून आलेली मिळकत तुमच्या पगाराच्या निम्म्यावर पोहोचली असेल, तर पुढच्या हंगामाच्या आधी आपण पुन्हा बोलू.

आणि तुमच्या मुलीची सीट अजून कोणी तपासलेली नाही, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. एखाद्या रविवारी तिला घेऊन म्हापशाला या. येताना सीटची आणि गाडीची, दोन्ही पुस्तिका आणा. बसवायची तुम्हालाच आहे, मी शेजारी उभा राहीन.